बाबागाडी घेताना आधी मान बघा, मग वाट

गणपतीत चाकरमानी गावाला आले की कुडाळ स्टेशनावर मखराचं सामान आणि पिशव्या-पेट्यांसोबत हल्ली घडी घातलेल्या बाबागाड्याही उतरतात. घरी पोचल्यावर त्यातल्या बऱ्याचशा पडवीच्या कोपऱ्यात उभ्या राहतात, त्या परतीच्या गाडीपर्यंत. खळ्यातून बाहेर काढून पाणंदीत नेली की दहा पावलांत चाकं अडतात, बाळ हिंदकळतं, आणि शेवटी आई बाळाला कडेवर घेते नि बाबा रिकामी गाडी खांद्यावर.

माझी पहिली गाडीही अशीच होती. आम्ही मालवणजवळ राहतो. मुलगी दोन महिन्यांची असताना मी मोबाइलवर फोटो बघून गाडी मागवली, कारण रंग आवडला आणि वजन कमी लिहिलं होतं. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "गाडी व्हयी कित्याक? कडेर घे तेका." त्या निम्म्या बरोबर होत्या हे मला नंतर कळलं. पण सिझेरियननंतर पाठ धरलेल्या बाईला आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला बाळ तासभर कडेवर घेणं जमत नाही, हेही तितकंच खरं आहे. दुसरी गाडी घेण्याआधी मी बरंच वाचलं, डॉक्टरांना विचारलं, दुकानात उभं राहून गाड्या उलट्यापालट्या करून बघितल्या. त्यातून माझ्या हाती दोन प्रश्न आले. बाळाने मान धरली आहे का? आणि आपल्या दारापासून जिथे जायचंय तिथपर्यंतची वाट कशी आहे? बाकी सगळं या दोन प्रश्नांच्या मागून येतं.

मानेपासून सुरुवात करते, कारण इथे चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते. नुकत्या जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं. मोठ्या माणसाच्या अंगावर तेवढ्याच मापाचं डोकं ठेवून बघा, म्हणजे त्या इवल्या मानेवर किती भार आहे ते कळेल. बाळ साधारण तीन-चार महिन्यांत मान धरतं आणि सहाव्या महिन्याच्या पुढेमागे बसू लागतं. त्याआधी त्याला अर्धवट बसतं ठेवलं की डोकं पुढे कलतं आणि हनुवटी छातीला टेकते. बाळाची श्वासनळी अरुंद आणि मऊ असते. माडांना पाणी घालताना रबरी पाइप मध्येच दुमडला की पाणी कसं थांबतं? हनुवटी छातीला टेकल्यावर तसंच होतं. नाक-तोंड उघडं दिसतं, पण हवा आत जात नाही. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे अशा वेळी बाळ रडत नाही, कारण रडायलाही हवा लागते. बघणाऱ्याला वाटतं, छान झोपलंय.

म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी पाठ पूर्ण आडवी होणारी गाडीच हवी. बाबागाड्यांच्या 'ईएन १८८८' या युरोपीय मानकात, जन्मापासून वापरायच्या गाडीची पाठ आणि बैठक यांच्यातला कोन किमान १५० अंश असावा असं सांगितलं आहे. दीडशे अंश म्हणजे जवळजवळ सपाट. घरातली आरामखुर्ची यापेक्षा बरीच उभी असते. दुकानात 'तीन पोझिशन' असं सांगतात, पण तीन पोझिशनमधली सगळ्यात खालचीही पुरेशी आडवी असेलच असं नाही. छत्रीसारखी मिटणारी, झोळीसारख्या कापडाच्या बैठकीची हलकी गाडी लहान बाळासाठी बिलकूल घेऊ नये. तिच्यात पाठीला आधार नसतो, कापड मध्ये खचतं आणि बाळ गोळा होऊन बसतं. माझी पहिली गाडी नेमकी तशी होती. खोक्यावर 'शून्य ते तीन वर्षं' असं छापलेलं होतं, आणि मी त्यावर विश्वास ठेवला.

आपल्याकडच्या साडीच्या झोळीलाही हाच नियम लागू होतो, हे जाता जाता सांगायला हवं. झोळी वाईट आहे असं मी म्हणत नाही, पिढ्या तीत वाढल्या. पण लहान बाळ झोळीत असताना हनुवटी आणि छाती यांच्यात दोन बोटं जातील एवढी जागा आहे ना, हे वाकून बघत राहायला हवं.

गाडी ही झोपायची जागा नाही, हेही इथेच सांगते. फिरताना डोळा लागला तर लागू द्या, पण घरी आल्यावर बाळाला उचलून सपाट गादीवर उताणं निजवा. 'आता कुठे झोपलंय, हलवलं तर उठेल' म्हणून गाडी पडवीत लावून स्वयंपाकाला जाणं मीही केलं आहे. नंतर कळलं की अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना, बाबागाडी आणि कारसीटसारख्या बसत्या साधनांत बाळाला रोजची झोप देऊ नका, विशेषतः चार महिन्यांच्या आत, असं स्पष्ट सांगते. त्यानंतर मी उठवण्याचा धोका पत्करू लागले. उठलीच तर परत थोपटायचं.

आता पट्टे. पट्टा पाच ठिकाणी धरणारा हवा: दोन खांद्यांवर, दोन कमरेशी आणि एक दोन मांड्यांच्या मधून वर येणारा. या पाचव्याकडे लोक दुर्लक्ष करतात, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच. तो नसला तर बाळ हळूहळू खाली घसरतं. पुढे आडवा दांडा किंवा ट्रे असेल, तर पाय आणि धड त्याखालून निसटतं पण डोकं मात्र अडकतं. 'समोर दांडा आहे की, पट्टा कशाला' हे म्हणणं म्हणूनच खोटं आहे. दांडा हात ठेवायला असतो, धरून ठेवायला नव्हे. खांद्याचा पट्टा बाळाच्या खांद्याच्या उंचीवर यावा, खाली-वर करता यावा, आणि लावल्यावर त्याखाली एखाद-दोन बोटंच जावीत. अमेरिकेतल्या इस्पितळांच्या नोंदी तपासून एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९० ते २०१० या काळात पाच वर्षांपर्यंतची सुमारे ३ लाख ६१ हजार मुलं बाबागाडी किंवा बाळ न्यायच्या साधनांमुळे जखमी होऊन तातडीच्या विभागात आली होती. म्हणजे दिवसाला जवळजवळ पन्नास. बहुतेक इजा पडण्याच्या किंवा गाडी उलटण्याच्या होत्या आणि मार मुख्यतः डोक्याला होता. हे वाचल्यापासून मी 'शेजारीच तर जायचंय' असं म्हणून पट्टा सोडत नाही.

गाडी उलटते ती बहुतेकदा हँडलला अडकवलेल्या पिशवीने. बाजारातून येताना नारळ, भाजी, बांगडा मासळीची पिशवी असं सगळं हँडलवर जातं. गाडी पाच-सहा किलोची, बाळ आठ किलोचं. बाळ बसलेलं आहे तोवर तोल राहतो, पण बाळाला उचललं की मागचा भार गाडी खाली खेचतो. आणि बाळ उभं राहून मागे रेललं, तर त्याच्यासकट गाडी मागे पडते. सामान खालच्या जाळीच्या टोपलीतच ठेवायचं. टोपली लहान असेल तर पिशवी आपल्या खांद्यावर.

इथून वाटेकडे वळू. गाड्यांच्या जाहिरातीत दिसतो तो गुळगुळीत फरशीचा मॉल. आपल्याकडे आधी उंबरा, मग पायऱ्या, मग सारवलेलं खळं, मग चिऱ्यांचा गडगा दोन्ही बाजूंनी असलेली पाणंद, तिथून डांबरी रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला पावसाने उघडी पडलेली खडी. एकाच फेरीत हे सगळं येतं. चाकाचा हिशोब मुळात सोपा आहे. चाक जितकं मोठं, तितका खडा त्याला लहान. बारा सेंटीमीटर व्यासाच्या चाकापुढे तीन सेंटीमीटरचा जांभ्याचा तुकडा आला तर तो चाकाच्या निम्म्या त्रिज्येएवढा असतो. त्यावर चढण्याऐवजी चाक थडकून थांबतं आणि मागून ढकलणाऱ्याचा जोर गाडी पुढे उलटवायला लागतो. तोच तुकडा पंचवीस सेंटीमीटरच्या चाकाला नुसता उंचवटा वाटतो. म्हणून गावात राहणाऱ्याने मागची चाकं तरी मोठी आणि रबरी किंवा भरीव फोमची असलेली गाडी बघावी. कडक प्लास्टिकच्या छोट्या जोडचाकांची नको. हवा भरायची चाकं सगळ्यात मऊ चालतात, पण बोरीचा किंवा बाभळीचा काटा लागला की पंक्चर, आणि ते मग सायकलवाल्याकडे. मी भरीव फोमची घेतली.

पुढची चाकं गरगर फिरणारी असतात. गुळगुळीत जमिनीवर ती वळायला छान, पण खडीवर थरथरतात आणि आडवी होऊन अडतात. त्यांना सरळ ठेवायचं लॉक आहे ना, ते बघा. आणि वाळूत किंवा पायरीवर गाडी ढकलू नका, ओढा. ढकलताना आपला जोर खाली दाबतो आणि चाक रुततं. तोंड फिरवून मागे ओढली की तोच जोर चाकाला थोडं वर उचलतो. चिवला बीचवर एका मावशींनी मला हे दाखवलं. त्यांनी माशांचे क्रेट असेच ओढत नेले होते.

पण वाट अशी असेल की घरापासून रस्त्यापर्यंत नुसती घाटी, चाळीस-पन्नास दगडी पायऱ्या, तर मी स्पष्ट सांगेन: गाडी घेऊच नका. बाळासकट गाडी उचलून पायऱ्या उतरणं हा सगळ्यात धोक्याचा प्रकार आहे. पायाखालचं दिसत नाही आणि पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ असतं. अशा घराला कडेवरची सवय किंवा नीट बांधलेलं बाळ न्यायचं कापडच बरं.

ब्रेकबद्दल मात्र मला जरा थांबून सांगायचं आहे. मुलगी सात महिन्यांची असताना आम्ही संध्याकाळी बंदरजेटीवर गेलो होतो. त्याआधी वाळूत फिरवून आणली होती. उतारावर गाडी उभी केली, पायाने ब्रेक दाबला, 'टक' असा आवाज आला, आणि मी पर्समधून सुटे पैसे काढायला वळले. गाडी चालू लागली. चार-पाच हात पुढे गेली होती, एवढ्यात जाळं विणत बसलेल्या एका काकांनी पाय आडवा घालून ती थांबवली. घरी येऊन बघितलं तर ब्रेकची खिट्टी ज्या खाचेत बसते तिथे वाळू ठासून भरली होती. आवाज आला, पण खिट्टी पूर्ण आत गेलीच नव्हती. तेव्हापासून मी ब्रेक लावल्यावर हँडल सोडण्याआधी गाडी पुढे आणि मागे हलवून बघते. गाडी नेहमी उताराला आडवी लावते, तोंड उताराकडे करून कधीच नाही. आणि फिरताना हँडलला बांधलेला एक पट्टा मनगटात असतो. काही गाड्यांना तो येतो, नसला तर जाड नाडीचा करता येतो.

वारासुद्धा गाडी हलवतो. उघडलेलं हूड म्हणजे लहानसं शीडच. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या एका स्टेशनावर आईने क्षणभर हँडल सोडलं आणि बाबागाडी घरंगळत फलाटावरून थेट येणाऱ्या गाडीपुढे रुळावर पडली. बाळ वाचलं. त्याला गाडीच्या पट्ट्यांनी बांधलेलं होतं. कुडाळ किंवा कणकवलीच्या फलाटावर न थांबणारी एक्स्प्रेस धडधडत जाते, तेव्हा किती वारा उसळतो ते आपण अनुभवलं आहे. फलाटावर ब्रेक, पट्टा आणि एक हात, तिन्ही हवेत, आणि गाडी रुळांना समांतर.

आणि ऊन. आपल्या हवेत हा भाग दुकानदार सांगत नाही. एप्रिल-मेमध्ये बाळ उन्हात नको म्हणून आपण गाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकतो. सावली होते, पण आतली हवा कोंडते. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मोजून बघितलं. कोरडं मलमल टाकलेल्या गाडीत हवा बाहेरपेक्षा २.६ अंशांनी तापली, जाड फ्लॅनेलखाली ३.७ अंशांनी. उलट मलमल ओलं करून टाकलं आणि छोटा पंखा लावला तर आतली हवा जवळजवळ ५ अंशांनी गार झाली. हे वाचून मला आनंद झाला, पण आपल्या किनाऱ्यावर हा उपाय जपून घ्यावा. ओल्या कापडाचा गारवा पाणी सुकण्यातून येतो, आणि इथल्या दमट हवेत पाणी सुकतच नाही. दोरीवरचे कपडे ज्या दिवशी वाळत नाहीत, त्या दिवशी ओलं मलमलही गारवा देणार नाही, नुसती वाफ कोंडेल. त्यामुळे आपल्यासाठी खरा उपाय म्हणजे मोठं, पुढे ओढता येणारं हूड, बाजूला आणि मागे जाळी, आणि बाहेर पडायची वेळ सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. बाळाचं अंग वजनाच्या मानाने पसरट, म्हणून ते लवकर तापतं, आणि त्याला अंगावरचं दुपटं स्वतः बाजूला करता येत नाही. मानेच्या मागे हात लावून बघा. तिथे ओलं आणि गरम लागलं की बाळ तापलं. धातूचं बकल उन्हात राहिलं असेल तर आधी आपल्या मनगटाला लावून बघायचं, मग बाळाच्या मांडीपाशी न्यायचं.

पावसाच्या प्लास्टिक कव्हरलाही हेच. त्याला हवेची भोकं हवीत, ते नाका-तोंडापासून लांब राहायला हवं, आणि सर थांबली की लगेच काढायचं.

घडी घालण्याची यंत्रणा बघताना आपली बोटं बाजूला ठेवा आणि मुलांची तर खोलीबाहेरच. आज ज्याला 'अंब्रेला फोल्ड' म्हणतात ती घडी ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्याने १९६५ मध्ये काढली. त्याने आधी स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलं होतं. विमान जसं उडल्यावर चाकं पोटात दुमडून घेतं, तशी गाडीही हलक्या नळ्यांची आणि दुमडणारी केली. पहिली गाडी तीन किलोहूनही कमी होती. पण जिथे दोन नळ्या एकमेकींवर सरकतात तिथे कात्री तयार होते. २००९ मध्ये त्याच नावाच्या कंपनीने अमेरिकेतल्या सुमारे १० लाख गाड्यांच्या सांध्यांना झाकण्या पुरवल्या, कारण मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या १२ घटना नोंदल्या गेल्या होत्या. म्हणून सांधे झाकलेले आहेत का ते बघा. उघडल्यावर दोन स्वतंत्र लॉक लागतात का तेही बघा, म्हणजे एक निसटलं तरी गाडी मिटणार नाही.

बाळाचं तोंड आपल्याकडे असावं की पुढे? लहान असताना आपल्याकडे, असं माझं मत. २००८ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या सुझान झीडिक यांनी यावर काम केलं. रस्त्यावर २,७२२ आई-बाळांच्या जोड्या पाहिल्या आणि २० बाळांना दोन्ही प्रकारच्या गाडीत बसवून बघितलं. बाळ समोर असताना आया दुप्पट बोलत होत्या. वीस बाळं ही काही मोठी संख्या नव्हे. पण मला ते पटलं, कारण दुसऱ्या गाडीत मुलगी माझ्याकडे तोंड करून बसायची, आणि आम्ही रोज तेच माड, तीच गाय, तोच गडगा यांच्याबद्दल बोलायचो.

दुकानात बाबागाडीच्या शेजारीच वॉकर टांगलेला असतो, 'हाही घ्या' म्हणतात. घेऊ नका. कॅनडाने २००४ मध्ये बसायचे वॉकर विकायलाच बंदी घातली, कारण मुलं त्यातून जिन्यावरून कोसळत होती. आपल्या घरांत उंबरे आणि पायऱ्या किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. आजोबांनी केलेला लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात बाळ बसत नाही, मागे उभं राहून ढकलतं.

दुकानात जाताना मी पाच किलो तांदळाची पिशवी घेऊन गेले होते. ती बैठकीत ठेवली, पट्टे लावले आणि गाडी दुकानाबाहेरच्या खडबडीत रस्त्यावर चालवून बघितली. एका हाताने वळते का, ब्रेकवर खरंच थांबते का, चप्पल घातलेल्या पायाने ब्रेक दाबता-सोडता येतो का, घडी रिक्षाच्या मागे मावते का. दुकानदाराला आधी नवल वाटलं, मग त्याने स्वतःच दुसरी गाडी आणून दिली, 'ही पण बघा' म्हणून.

जुनी गाडी मिळाली तरी हरकत नाही, आपल्याकडे पाळण्यापासून सगळंच एकमेकांकडे फिरतं. पण खारी हवा गाडी आतून खाते. नळ्या अॅल्युमिनियमच्या असतील तर गंजलेल्या दिसणार नाहीत, मात्र स्प्रिंग, रिबिटी आणि स्क्रू बहुधा लोखंडी असतात, आणि गाडी तिथेच दगा देते. प्रत्येक सांधा हलवून बघा, पट्ट्याची शिवण ओढून बघा, कापडावर बुरशीचे काळे ठिपके असतील तर कापड बदला किंवा गाडी नाकारा. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने पुसायची, सावलीत वाळवायची, शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब सांध्यात, आणि जास्तीचं पुसून टाकायचं, नाहीतर वाळू चिकटते.

गेल्या वर्षी ती गाडी मी माझ्या धाकट्या जावेला दिली. देताना ब्रेकची खाच टाचणीने साफ करून दाखवली, पाचवा पट्टा कुठून येतो ते दाखवलं आणि मृगाचा पाऊस सुरू झाल्यावरची गोष्ट सांगितली: पडवीत ठेवलेली गाडी बाळाला बसवण्याआधी उलटी करून झटकायची, हुडाची घडी उघडून बघायची. आमच्या गाडीत एकदा विंचू निघाला होता, पाय ठेवायच्या पट्टीखाली.